पुराचा आकडा आणि आपला उंबरा

आमच्या जुन्या घराच्या सोप्यात, डाव्या खांबावर एक रेघ होती. २००५च्या महापुराचं पाणी जिथवर आलं, तिथे तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, ती खिळ्यानं ओढलेली. जमिनीपासून वीतभर उंच. पुढची चौदा वर्षं आमच्या घराची पूररेषा तीच. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा पात्राबाहेर पडली आणि पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं, तेव्हा पोलीस पाटील दोनदा येऊन सांगून गेले. तात्या म्हणाले, "रेघेच्या वर येत न्हाई. पोती कट्ट्यावर चढवू, बास." मग जोंधळ्याची पोती, टीव्ही, काकींची शिलाई मशीन असं सगळं कमरेएवढ्या कट्ट्यावर गेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी कट्ट्यावर होतं. संध्याकाळी माणसं माळ्यावर होती, आणि गावाबाहेर पडायचा रस्ता आदल्या दुपारीच बुडाला होता. होडी तिसऱ्या दिवशी आली. दोन म्हशी गेल्या.

तात्या बेफिकीर माणूस नाहीत. नदीकाठी जन्म गेलाय त्यांचा. पण त्यांनी, आणि त्या आठवड्यात कोल्हापूर-सांगलीतल्या हजारो घरांनी, मागच्या पुराची खूण हीच पुढच्या पुराची हद्द मानली. नदी ती हद्द मानत नाही. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं आणि दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, ५६ फुटांवर. म्हणजे २०१९ ची नवी रेघसुद्धा दोन वर्षांत जुनी झाली.

पावसाळ्यात रोज सकाळी मोबाईलवर एक आकडा येतो. 'राजाराम बंधारा पाणीपातळी इतके फूट इतके इंच, इतके बंधारे पाण्याखाली.' तो वाचून आपण 'वाढलं' किंवा 'उतरलं' एवढंच म्हणतो. त्या आकड्याचा आपल्या उंबऱ्याशी हिशोब लावून ठेवला, तर घर सोडायची वेळ कोणाच्या तोंडाकडे न बघता ठरवता येते. तो हिशोब कसा लावायचा, ते सांगतो.

४३ फूट म्हणजे कुठे ४३ फूट?

कोल्हापुरात पंचगंगेची पातळी मोजतात ती राजाराम बंधाऱ्यावर. तिथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. सांगलीत कृष्णेची पातळी मोजतात आयर्विन पुलाजवळ. १९२९ पासून उभा असलेला हा पूल सांगलीकरांचं पुराचं मोजमापच आहे. तिथली इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५.

हे फूट पात्रात ठरवलेल्या एका शून्यापासून मोजलेले असतात. ४३ फूट झालं म्हणजे तुमच्या गल्लीत ४३ फूट पाणी येणार असं नाही. तुमच्या गल्लीत कदाचित एक थेंबही नसेल, आणि पलीकडच्या सखल वस्तीत तोवर गुडघाभर झालेलं असेल. कोल्हापूर शहरात पाणी आधी जामदार क्लबच्या बाजूनं आत येतं, सुतारवाड्यातली कुटुंबं सगळ्यात आधी हलवावी लागतात. सांगलीत सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर ही नावं दरवेळी पहिल्या बातमीत असतात. तिथल्या माणसांचा धोका ४३ किंवा ४५ ला सुरू होत नाही, त्याच्या बराच आधी होतो. उंचावरच्या पेठेत तो कितीतरी नंतर होतो. सरकारी पातळी एकच असते. ती सगळ्या जिल्ह्याला एकदम हाक मारण्यासाठी आहे. तुमच्या दाराची पातळी तुम्हालाच शोधावी लागते.

एक साधी गोष्ट, पण घोळ होतो म्हणून सांगतो. हा आकडा फूट आणि इंचांत असतो, बारा इंचांचा फूट. ४३ फूट ९ इंच म्हणजे जवळजवळ ४४. रात्री दोनच्या मेसेजमध्ये हे पटकन लक्षात येत नाही.

पाणी येतं कुठून, आणि वर गेल्यावर हळू का चढतं

भोगावती, कुंभी, कासारी, तुळशी या घाटमाथ्याच्या बाजूनं येणाऱ्या नद्या एकत्र येऊन पंचगंगा होते. प्रयाग चिखलीच्या संगमाखाली तिचं पात्र सपाटीला लागतं आणि ती वळणं घेत नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. घाटमाथ्यावर पाणी उतारानं धावत येतं, खाली आल्यावर त्याला पळायला उतार उरत नाही. त्यात कृष्णाही भरून वाहत असेल, तर पंचगंगेला तिच्यात शिरता येत नाही आणि पाणी मागे तुंबतं. याला आपल्याकडे फुगवटा म्हणतात. शिरोळ तालुक्यात पाऊस थांबून ऊन पडलेलं असतं आणि तरी पाणी चढत असतं, ते यामुळे. म्हणून आपल्या अंगणातला पाऊस बघून पुराचा अंदाज बांधू नका. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, महाबळेश्वर इथे किती पडला ते बघा.

किती पडतो म्हणजे किती? एका गुंठ्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर त्याचं पाणी होतं साधारण १०,००० लिटर. म्हणजे गुंठ्यामागे एक मोठा टँकर, एकरामागे चाळीस. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. गुंठ्यामागे सहा टँकर, एका दिवसात, आणि तेही डोंगराच्या तीव्र उतारावर.

धरणांच्या बातमीत दोन शब्द येतात. टीएमसी म्हणजे साठा, एक अब्ज घनफूट. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी, राधानगरीची ८.३६. क्युसेक म्हणजे वेग, सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. एक लाख क्युसेक विसर्ग म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे सुमारे २८० टँकर रिकामे होणं. या दोन्हींची सांगड अशी घाला: साडेअकरा हजार क्युसेकनं चोवीस तास पाणी सोडलं की धरणातून एक टीएमसी गेलं. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात, कुणी कळ दाबत नाही. त्यामुळे 'राधानगरी ९५ टक्के' ही बातमी म्हणजे दरवाजे उघडण्याची पूर्वसूचनाच समजायची. सुटलेलं पाणी शहरापर्यंत पोहोचायला काही तास घेतं, आणि तेवढे तास आपले असतात.

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा किती जबाबदार, विसर्ग कधी सोडायला हवा होता, नदीपात्रातले भराव कुणी टाकले, हे वाद महत्त्वाचे आहेत आणि ते हिवाळ्यात, उन्हाळ्यात, कागद हातात घेऊन घालायला हवेत. पाणी दारात असताना त्यांचा उपयोग नाही. २०१९ ला आमच्या चौकात रात्री अकरापर्यंत हाच वाद चालला होता, आणि तेवढ्या वेळात आणखी दोन घरांतली जनावरं सहज हलली असती.

आता मथळ्यात म्हटलेली दुसरी गोष्ट. पाणी पात्रात असतं तोवर भराभर चढतं. पात्र सोडून शेतात पसरलं की चढ मंदावतो, कारण आता प्रत्येक इंचासाठी कितीतरी जास्त शिवार भरावं लागतं. बातमी येते, 'वाढीचा वेग कमी झाला.' लोक सुस्कारा सोडतात. पण वर गेलेला एक इंच खालच्या एका इंचापेक्षा कितीतरी जास्त घरांत शिरतो. चढ मंदावणं आणि पाणी उतरणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सलग तीन-चार वेळा आकडा कमी आल्याशिवाय उतार धरू नका.

घराचे तीन आकडे

२०१९ नंतर आम्ही घरात बसून तीन आकडे काढले. माझ्या मते या सगळ्या लेखातली कामाची गोष्ट हीच.

पहिला, उंबऱ्याचा आकडा. बंधाऱ्यावर किती फूट असताना पाणी आपल्या उंबऱ्याला लागतं? ज्या घरात पूर्वी पाणी आलंय तिथे हे सोपं आहे. त्या दिवशीचे फोटो मोबाईलमध्ये असतात, फोटोवर तारीख आणि वेळ असते. त्या वेळची बंधाऱ्याची पातळी जुन्या मेसेजमध्ये किंवा वर्तमानपत्रात सापडते. पायरीला पाणी लागल्याचा फोटो आणि त्या तासाचा आकडा, दोन्ही जुळवा. फोटो नसेल तर गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना 'मारुतीच्या देवळात शिरलं तेव्हा आपल्या पायरीला लागलं' हे पक्कं आठवत असतं. आमचा आकडा निघाला साधारण ४९.

दुसरा, रस्त्याचा आकडा. घर उंचावर असलं तरी गावातून बाहेर जाणारा रस्ता ओढ्यावरून, मोरीवरून, शेताच्या सखल पट्ट्यातून जातो. तो आधी बुडतो. चिखली, आंबेवाडी यांसारख्या गावांचं पुरात बेट होतं ते असं. घरं कोरडी, आणि चारही बाजूंनी पाणी. आमच्या रस्त्याचा आकडा निघाला ४५. म्हणजे उंबऱ्याला पाणी लागायच्या चार फूट आधीच आम्ही अडकतो. तात्या उंबऱ्याकडे बघत बसले होते, आणि खेळ रस्त्यावरच संपला होता.

तिसरा, गोठ्याचा आकडा. गोठा बहुतेक घरांत मागे, उतारावर असतो. आमचा ४७. पण जनावरं चालवत न्यायची तर तीही रस्त्यानंच जाणार, त्यामुळे गोठ्याचा खरा आकडा रस्त्याच्याही खाली धरावा लागतो.

निघायचं ते या तिन्हीतल्या सगळ्यात लहान आकड्यावर, आणि त्यातूनही तयारीचा वेळ वजा करून. समजा पाणी तासाला दोन इंच चढतंय. चोवीस तासांत चार फूट झाले. तीन इंचांनी चढत असेल तर सहा. आमचा रस्ता ४५ ला बुडतो, सामान आणि जनावरं हलवायला एक दिवस लागतो, तर ४१ ला कामाला लागायला हवं. तेव्हा धोका पातळीसुद्धा यायची असते आणि नदी गावापासून लांब दिसत असते. शेजारी विचारतात, "एवढी काय घाई?" त्यांना हिशोब दाखवा.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी, नव्या कॉलनीत फ्लॅट घेतलेल्यांनी हे जास्तच करायला हवं, कारण त्यांच्याकडे कुणाच्या आठवणीतली रेघ नसते. इमारतीच्या मीटर पेट्या तळमजल्यावर असतील तर चौथ्या मजल्यावरच्या माणसाचाही आकडा तळमजल्याचाच धरायचा. वीज गेली, लिफ्ट बंद, पाण्याची मोटर बंद, आणि खाली छातीभर पाणी. चौथ्या मजल्यावर वयस्कर आई-वडील असतील तर ही अडचण लहान नाही.

निळी रेषा, लाल रेषा

पाटबंधारे खातं नकाशावर दोन रेषा आखतं. निळी म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांत एकदा येईल एवढ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा येईल एवढ्या पुराची. या 'शंभर वर्षांत एकदा'नं फार माणसांची फसगत झालीय. आता एकदा आला, म्हणजे आपल्या हयातीत पुन्हा नाही, असं वाटतं. त्याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक शक्यता. गेल्या वर्षी पूर आला म्हणून यंदाची शक्यता कमी होत नाही. तीस वर्षांचं गृहकर्ज काढून लाल रेषेवर घर घेतलं, तर कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी तसा पूर बघायची शक्यता शंभरात सव्वीस. निळ्या रेषेवर घेतलं तर शंभरात सत्तर. घर घेताना बिल्डरला किंवा महापालिकेत हे दोन नकाशे मागायला लाजू नका.

हवामान खात्याचे रंग थोडक्यात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. दिवसात ६४.५ मिलिमीटरच्या पुढे जोरदार, ११५.६ च्या पुढे अति जोरदार, २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार पाऊस धरतात. लाल रंग आपल्या जिल्ह्यासाठी नसला तरी घाटमाथ्यासाठी असेल, तर तो आपलाच समजा. विजेसाठी 'दामिनी' आणि सरकारी इशाऱ्यांसाठी 'सचेत' ही ॲप घरातल्या एकाच्या तरी मोबाईलवर असू द्या.

कोण काय करतं

२००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात एक प्राधिकरण असतं आणि जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष. महाराष्ट्रात जिल्हावार आराखड्यांचं काम त्याच्याही आधी, १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर सुरू झालं होतं. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. पण गावात तुमच्या दारात येणारी यंत्रणा म्हणजे तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, सरपंच आणि गावातली पोरं. स्थलांतराच्या शाळेत किती माणसं मावतात, तिथे संडास किती आहेत, पाण्याची टाकी चालू आहे का, हे जूनमध्येच ग्रामसभेत विचारायचे प्रश्न. बायकांनी ते जरूर विचारावेत. शंभर माणसांना दोन संडास असतील तर घरातली बाई पाणी दारात येईपर्यंत निघायला तयार होत नाही, आणि तिला दोष देता येत नाही.

एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, आपल्या भागातली तुकडी पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याची. अलीकडे पावसाळ्यात त्यांची पथकं आधीच आणून ठेवतात, ही चांगली सुधारणा. तरी एका जिल्ह्यात एका वेळी शेकडो गावं पाण्यात असतात आणि होड्या मोजक्या. २०१९ ला ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला होडी उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं, अंगावर जॅकेट नाहीत, आणि डझनाहून जास्त जण गेले, त्यात बायका आणि लेकरं. ते लोक पाणी शिरल्यावर, उशिरा, घाईनं बाहेर पडत होते. होडीत बसायची वेळ आलीच तर आधी बायका-मुलं-म्हातारी, पण होडीवाला 'बास' म्हणाला की बास. त्या क्षणी कुणी आत उडी मारायची नाही, उभं राहायचं नाही, एका बाजूला झुकायचं नाही. होडीची वेळच येऊ नये म्हणून तर रस्त्याचा आकडा.

वाहत्या पाण्यातून चालणं किंवा गाडी घालणं याबद्दल एवढंच सांगतो की पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. अर्धा फूट जोरात वाहणारं पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलतं, फूटभर पाण्यात छोटी कार तरंगायला लागते. पुलाचे कठडे दिसत असले तरी खालचा रस्ता जागेवर आहे की नाही, हे वरून दिसत नाही.

निघताना

याद्या सगळीकडे मिळतात, त्यामुळे फक्त अनुभवातल्या गोष्टी सांगतो.

कागद एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत: सातबारा, रेशन कार्ड, आधार, बँकेचं पासबुक, विम्याचे कागद, मुलांच्या मार्कशीट. सगळ्यांचे फोटो काढून एक संच गावाबाहेरच्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. शंभर-दोनशेच्या नोटांत थोडे पैसे घ्या, कारण वीज आणि नेटवर्क गेलं की एटीएम आणि मोबाईलवरचं पेमेंट दोन्ही बंद. बीपी, शुगर, दम्याच्या गोळ्या किमान दहा दिवसांच्या. इन्सुलिन असेल तर निवारा केंद्रात गेल्या गेल्या तिथल्या आरोग्य सेविकेला सांगा, आणि मातीचा ओला माठ मिळाला तर त्यात ठेवा.

मेन स्विच निघण्याआधी, कोरड्या हातापायांनी बंद करा. सिलिंडरचा कॉक बंद करून तो दोरीनं खांबाला बांधा, नाहीतर तो तरंगत जातो. २०१९ ला आमच्या शेजारच्यांचा सिलिंडर तीन घरं सोडून सापडला. संडासाच्या भांड्यावर आणि मोरीच्या तोंडावर वाळूची पोती ठेवा, गटाराचं पाणी दारापेक्षा आधी तिथून वर येतं.

जनावरांबद्दल जरा जास्त बोलतो. माणसं घर सोडत नाहीत त्याचं खरं कारण पुष्कळदा गोठ्यात उभं असतं. म्हैस म्हणजे घरची मिळकत, दुधाचा हप्ता, आणि नुसती मिळकतही नाही. काकी म्हशी गेल्या त्या वर्षी दिवाळीत गोठ्यात दिवा लावून बसल्या होत्या. म्हणून जनावरं माणसांच्या आधी हलवायची. उंचावरच्या कुठल्या पाहुण्यांकडे, कुठल्या माळावर, चारा कुणाचा, हे मे महिन्यातच ठरवून ठेवायचं. प्रत्येकाच्या कानातला बारा आकडी बिल्ला दिसेल असा फोटो काढून ठेवायचा, पुढे पंचनाम्यात तो लागतो. आणि सगळं फसलंच, पाणी गोठ्यात आलंच, तर दावं सोडा. गाठ सुटत नसेल तर कोयत्यानं तोडा. म्हैस चांगली पोहते. आमच्या म्हशी पाण्यानं नाही, दाव्यानं गेल्या. तात्यांना वाटलं होतं की सोडल्या तर हरवतील.

ज्यांच्या घरात पाणी येणारच नाही त्यांनाही पूर असतो. २०१९ आणि २०२१ ला पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला, आणि कोल्हापुरात पेट्रोल, भाजी, दूध सगळ्याचीच टंचाई झाली. पाणीउपसा केंद्रंच बुडाल्यामुळे चारही बाजूंना महापूर आणि नळाला थेंब नाही, असे दिवस लोकांनी काढले. माणशी दिवसाला तीन-चार लिटर पिण्याचं पाणी, असं आठवड्याचं झाकून ठेवलं तर टँकरच्या रांगेत म्हाताऱ्यांना उभं राहावं लागत नाही.

पाणी उतरल्यावर

घाई नेमकी इथे नडते. पाणी उतरल्या दिवशी सगळे धावत घरी जातात. भिंती भिजून फुगलेल्या असतात, मातीच्या आणि दगड-मातीच्या भिंती पाणी असताना उभ्या राहतात आणि ऊन पडल्यावर कोसळतात. आधी बाहेरून फेरी मारा, भिंत पोटाकडून बाहेर आलीय का, कोपऱ्याला भेग आहे का बघा. कपाटामागे, गाद्यांच्या ढिगात, शेगडीखाली साप असतात, म्हणून हात घालण्याआधी काठी घाला. मेन स्विच स्वतः चालू करू नका, वायरमननं वायरिंग बघितल्याशिवाय तर नाहीच. वीज लाईनबद्दलची तक्रार १९१२ वर.

गाळ उपसायला उतरताना पायात गमबूट, हातात हातमोजे. अंगावर जखम असेल तर त्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार. ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, असं काही वाटलं तर 'भिजल्यामुळे असेल' म्हणून घरी काढू नका. आरोग्य केंद्रात जा आणि पुराच्या पाण्यात होतो हे सांगा. विहीर आणि बोअरचं पाणी ब्लीचिंग पावडर टाकून तपासणी होईपर्यंत पिऊ नका. उकळून घ्या, पाणी पूर्ण उकळी फुटल्यावर आणखी थोडा वेळ चुलीवर राहू द्या, किंवा ग्रामपंचायतीकडून मिळणारं मेडिक्लोर, म्हणजे पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध, बाटलीवर लिहिल्याप्रमाणे टाका.

झाडायला सुरुवात करण्याआधी फोटो काढा. भिंतीवरची चिखलाची रेघ, भिजलेली पोती, बंद पडलेला फ्रिज, पडलेली भिंत, प्रत्येक खोलीचा वेगळा. तलाठी येईपर्यंत घर स्वच्छ झालेलं असतं आणि मग नुकसान कुठलं ते दाखवता येत नाही. पंचनाम्यावर सही करताना तो वाचून घ्या, घराचा नंबर आणि बँक खात्याचे आकडे तपासा. खात्याचा एक आकडा चुकल्यामुळे महिनोन्महिने हेलपाटे घालणारी माणसं मी बघितली आहेत. गाडीचा, दुकानाचा, घराचा विमा असेल तर त्यात पुराचा समावेश आहे का ते पावसाळ्याआधीच बघून ठेवलेलं बरं. दुकानदारांनी तर नक्कीच.

आमच्या सोप्यातल्या खांबावर आता तीन रेघा आहेत. २००५ची वीतभर उंच, २०१९ची माणसाच्या गळ्याएवढी आणि २०२१ची तिच्याही वर. त्यांच्या शेजारी तेलरंगानं लिहिलंय: 'रस्ता ४५, गोठा ४७, उंबरा ४९. ४१ ला निघणे.' जुलै लागला की तात्या रोज संध्याकाळी विचारतात, "बंधाऱ्याला किती?" मागच्या वेळी ४१ ची बातमी रात्री साडेनऊला आली. आम्ही जेवण उरकत होतो. तात्यांनी ताटातच हात धुतला आणि आधी गोठ्याकडे गेले.